विहिरीतला हुंकारा

गेल्या महिन्यात जिल्ह्याहून वाचनालय तपासायला एक निरीक्षक आले होते. पांढरा बुशशर्ट, काळा चष्मा, बगलेत फाइल. कपाट उघडलं आणि नेमकं तेच पुस्तक बाहेर काढलं. "गुरुजी, हे गलबताचं पुस्तक एवढं का झिजलंय? इथनं समुद्र कुठल्या कुठं. तुमच्या ह्या लोकांना दर्यावरच्या गोष्टींचं काय एवढं?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाले, "पलायन, दुसरं काय! दुष्काळी मुलूख. तेवढंच विसरायला बरं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गोपाळकृष्ण, तुळजापूरचा, पुजाऱ्याच्या घरातला. ऐकून घ्यायची सवय नाही. पण सरकारी माणूस पडला. चहा पाजला, उमरग्याच्या गाडीत बसवून दिलं आणि घरी येऊन बायकोवर ओरडलो. तिचा काही दोष नव्हता.

म्हणे पलायन! त्या पुस्तकानं पळायला शिकवलं असतं तर बब्रुवान आज जिवंत असता.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. अठ्ठावन्न साल. मी नुकताच धोंडवाडीच्या शाळेत आलो होतो. उमरग्यापासून सात मैल, हैदराबादच्या सडकेपासून दोन मैल आत. शाळा चौथीपर्यंत, मास्तर एकटा मी. संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग घ्या असा वरून हुकूम होता आणि त्यासाठी तालुक्याहून पुस्तकांची एक पेटी आली होती. खतांची माहिती, देवीची लस, कोंबड्या कशा पाळाव्या. मी चार दिवस पारावर बसून खतांची माहिती वाचली. पाचव्या दिवशी मी आणि एक कुत्रं एवढेच उरलो.

पेटीच्या तळाशी हे जाडजूड पुस्तक होतं. पुठ्ठा गेलेला, पहिलं पान गेलेलं, कुणीतरी इंग्रजीवरनं मराठीत आणलेलं. लिहिणाऱ्याचं नाव मला आजही माहीत नाही. एक जुनं शिडाचं गलबत, त्याचा कडक कप्तान, ऐंशी खलाशी आणि चहूकडं पाणी. म्हटलं हे वाचून बघू, नाहीतरी ऐकतंय कोण.

आठ दिवसांत पारावर बसायला जागा राहिली नाही.

का आवडलं, हे त्या निरीक्षकानं मला नीट विचारलं असतं तर सांगितलं असतं. चौथ्या प्रकरणात गलबतावरचं गोडं पाणी संपत येतं. कप्तान पिंपाला कुलूप घालतो, माणशी एक पेला पाणी मोजून देतो आणि स्वतःही तेवढंच घेतो. हे वाचत होतो तेव्हा पारावर कुणी खोकलंसुद्धा नाही. आमच्या गावच्या बाया दीड कोसावरून घागर आणत होत्या. पाहुणा आला तर गुळाचा खडा पुढं यायचा, पाण्याचा तांब्या मागितल्याशिवाय नाही. पुढं वारा पडतो, गलबत वीस दिवस एका जागी उभं राहतं आणि खलाशी आभाळाकडं बघत बसतात. शीड म्हणजे काय, डोलकाठी म्हणजे काय, हे मला समजावून सांगावं लागलं. वाट बघणं म्हणजे काय हे नाही सांगावं लागलं. द्वारकाबाई नावाची सत्तरीची म्हातारी सकाळी शाळेच्या दारात येऊन विचारायची, "मास्तर, त्या लेकरांस्नी वारं सुटलं का वो?"

आता हुंकाऱ्याचं सांगतो. आमच्याकडं कुणी गोष्ट सांगू लागलं की समोरच्यानं मधेमधे 'हूं' म्हणायचं असतं. हुंकारा मिळाला की सांगणाऱ्याला कळतं, ऐकणारा जागा आहे. नाही मिळाला तर तो गोष्ट तिथंच थांबवतो. माणसं वीस असोत की दोनशे, हुंकारा एकानंच द्यायचा. आमच्या पारावर तो मान बब्रुवानचा होता.

बब्रुवान विहिरी खोदणाऱ्या टोळीचा मुकादम. चाळिशीचा, ठेंगणा, रुंद. त्याच्या हुंकाऱ्यावरून मला सगळं कळायचं. लढाई आली की तो 'हूं!' तोडून टाकायचा. कुणी खलाशी मेला की नुसता नाकातनं आवाज काढायचा. मी घाईनं वाचलं तर हुंकारा उशिरा यायचा, म्हणजे मागं जा आणि पुन्हा वाच. माझ्या वर्गात तो पाटी घेऊनही बसायचा. दगड फोडणारे हात ते. पेन्सिल बोटांत मोडायची. बाराखडीपर्यंत आला आणि जोडाक्षरांपाशी अडला. "हे एकमेकांच्या उरावर कशाला बसत्यात, गुरुजी?" असं विचारायचा. मला राग यायचा आणि हसूही यायचं.

एक दिवस म्हणाला, "पुस्तक म्या घरी नेतो. देवापाशी ठिवतो. तुमच्या शाळंत उंदरं लई." तेव्हापासून रोज संध्याकाळी तो ते लाल फडक्यात बांधून पोथीसारखं पारावर आणायचा आणि परत न्यायचा. त्याची बायको कमलबाई कावलेली असायची. "घरात देव मावंनात, त्यात ह्यांचं गलबत," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

मी निजामाच्या अमदानीत उर्दूत शिकलो. मराठी वाचायला शिकलो ती घरातल्या पोथ्यांवरून. त्यामुळं माझं एक होतं: छापलेलं अक्षर इकडचं तिकडं करायचं नाही. काना नाही की मात्रा नाही. अकराव्या प्रकरणात कप्तान आपल्या तरुणपणीचं एक बुडतं गलबत आठवतो आणि सांगतो, की गलबत सोडायची वेळ आली तर आधी खलाशी उतरतात, कप्तान सगळ्यांत शेवटी. तिथं हुंकारा आला नाही. बब्रुवाननं हात वर केला.

"गुरुजी, थांबा जरा. हे छापलंय, का तुमी पदरचं सांगताय?"

"छापलंय," मी ताठ बसून म्हणालो. "मी पदरचं एक अक्षर घालत नाही."

केवढा तोरा होता मला त्याचा!

दुसऱ्या दिवसापासून त्यानं टोळीला तेच लावलं. आमच्या भागात दिवस मावळताना मुकादम विहिरीतनं आधी वर येतो. तो त्याचा मान. बब्रुवान शेवटी यायला लागला. गळ्यात शिट्टी अडकवली. एक शिट्टी म्हणजे काम थांबवा, दोन म्हणजे वर चला. पहिले चार दिवस माणसं 'कप्तान, कप्तान' करून हसली. मग हसेनाशी झाली. त्याच्या टोळीतला बलभीम मला म्हणाला, "गुरुजी, सोळा वर्सं विहिरी खोदतोय. आमच्या मागनं वर आल्याला मुकादम म्या पयल्यांदा बघितला."

चैत्रात माझ्या बहिणीचं लग्न निघालं. शेवटचं एकच प्रकरण राहिलं होतं. जाण्याआधी मी ते एकट्यानं वाचून पाहिलं. गलबत फुटतं. ऐंशीच्या ऐंशी खलाशी होड्यांत उतरतात. कप्तान सुकाणूपाशी उभा राहतो आणि गलबताबरोबर खाली जातो. बस, संपलं पुस्तक. हे ह्या लोकांना कसं वाचून दाखवायचं, ह्या विवंचनेतच मी तुळजापूरला गेलो. पुस्तक नेहमीसारखं बब्रुवानच्या घरी. अठरा दिवसांनी बुधवारी परत आलो. "उद्या संध्याकाळी शेवट, गुरुजी," बब्रुवान वेशीतच म्हणाला. चेहऱ्यावर काही नव्हतं. निदान मला दिसलं नाही.

गुरुवारी सकाळची शाळा. नऊ वाजले असतील. बलभीम पळत आला. अंगभर मुरूम.

"विहिरीची कड गेली, गुरुजी. मुकादम खाली हाय."

गावच्या पिण्याच्या पाण्याची नवी विहीर ओढ्याकाठी चालली होती. बावीस हात खाली गेली तरी ठणठणीत कोरडी. आदल्या दिवशी सुरुंग उडवला आणि गुरुवारी सकाळी तळात पाणी लागलं. माणसं नाचली म्हणे. बब्रुवाननं ओंजळ भरून डोक्यावर घेतली. पण पाण्याबरोबर पूर्वेच्या कडेचा मुरूम सुटायला लागला. त्यानं दोन शिट्ट्या मारल्या. खाली माणसं सहा, त्याला धरून. वर रहाट, रहाटाला दोर, दोराला लोखंडी पाटी. पाटीत दोन माणसं बसतात. दोघं वर गेले. परत दोघं. राहिले बब्रुवान आणि त्याचा मेहुणा रामकिसन, कमलबाईचा धाकटा भाऊ.

रामकिसन पाटीत बसला आणि म्हणाला, "दाजी, बसा."

"तू जा. शेवटी म्या."

"अवो, जागा हाय की!"

"जा म्हणतो ना," बब्रुवान म्हणाला आणि शिट्टी मारली.

पाटी वर आली. रामकिसननं काठावर पाय ठेवला आणि पूर्वेची कड खाली गेली.

पुस्तकात पाटी नव्हती, होडी होती, आणि त्या शेवटच्या होडीत खरंच जागा नव्हती. म्हणून त्या आठवणीतला कप्तान मागं राहिला. हे मी अकरावं प्रकरण वाचताना नीट फोड करून सांगितलं होतं का? छापलेलं तेवढं वाचलं आणि पुढं गेलो. सहा वर्षं मी हे आठवून पाहतोय.

मी काठावर पालथा पडून खाली पाहिलं. एक मोठा धोंडा त्याच्या उजव्या मांडीवर आलेला. पाठ कडेला टेकून तो उभाच अडकलेला, डोकं वर. पाणी घोट्याच्या वर होतं.

"मुकादम!"

"आलात का, गुरुजी?" आवाज नेहमीचाच. "पाणी गोड हाय बरं का. चाखलं म्या."

रामकिसननं कमरेला दोर बांधला आणि पहार घेतली. त्याचे पाय कडेवरनं खाली सुटताच तळातनं शिट्टी आली. एक. काम थांबवा.

"कुणी उतरायचं न्हाय! कड अजून सुटतिया. माझा हुकूम हाय."

आणि सगळे थांबले. एवढी तगडी माणसं, पहारीनं डोंगर फोडणारी, हातात दोर घेऊन उभी राहिली. कारण त्यांनीही तेच पुस्तक ऐकलं होतं. मी ओरडलो, "अरे, बघता काय? उतरा!" तर बलभीम माझ्याकडं वळून म्हणाला, "कप्तानाचा हुकूम मोडायचा न्हाय, तुमीच वाचलं न्हवं का?" त्याच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि स्वतःच्याही.

उमरग्याला एकाकडं पाणी उपसायचं इंजन होतं. सायकलवर माणूस पिटाळला. तोपर्यंत घागरी, बादल्या, तेलाचे डबे, जे मिळेल ते दोराला बांधून सोडलं. उपसलेलं पाणी बाया ओढ्याकडं ओतत होत्या. वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितली ते पाणी फेकून देत होत्या आणि रडत होत्या. दहा घागरी काढाव्यात तर खाली बोटभर चढलेलं असायचं. तासाभरात त्याच्या गुडघ्यावर आलं. मग मांडीवर, धोंड्यावर.

कमलबाई आली. पदर खोचलेला, हाताला पीठ. तिनं एकदाच वाकून खाली बघितलं. खालनं बब्रुवान म्हणाला, "तू घरी जा." ती गेली नाही. तो आता तुटक बोलत होता आणि मधेच गप्प व्हायचा. कमलबाई माझ्याशेजारी मातीत बसली.

"त्यांस्नी झोप लागतिया. त्यांस्नी जागं ठिवा, गुरुजी."

"मी काय करू?"

"गोष्ट सांगा," ती माझ्यावर ओरडली. "माजं ऐकत्यात का कधी? तुमचंच ऐकत्यात!"

पुस्तक हाताशी नव्हतं. आठवेल तसं सुरू केलं. काठावर पालथा पडून, तोंड विहिरीत घालून, मी गलबत बंदरातनं बाहेर काढलं. "शीड उभारलं."

"हूं," खालनं आलं.

काठावरची सगळी माणसं एकदम श्वास सोडून मोकळी झाली. रहाट करकरला. घागर वर आली.

मी वाक्यं तोडून तोडून लहान केली. जेवढी वाक्यं जास्त, तेवढे हुंकारे जास्त. कप्ताननं पिंपाला कुलूप घातलं. हूं. एक पेला पाणी दिलं. हूं. वारा पडला. हूं. दहा दिवस वारा नाही. हूं. पंधरा दिवस नाही. मधेच कधी हुंकारा आला नाही की कमलबाईची बोटं माझ्या दंडात रुतायची. मी तेच वाक्य पुन्हा म्हणायचो, मोठ्यानं. मग यायचा. द्वारकाबाई काठीवर उभी राहून देवीला हाका मारत होती. मीही मारत होतो मनातनं. आई, जन्मभर तुझ्या दारात वाढलो, काही मागितलं नाही. हा एक माणूस दे.

उन्हं डोक्यावर आली. इंजनाचा पत्ता नाही. पाणी त्याच्या बरगड्यांवर आलं आणि माझं शेवटचं प्रकरण आलं.

गलबत फुटलं. हूं. होड्या सोडल्या. हूं. सगळे खलाशी उतरले. हूं. कप्तान एकटा सुकाणूपाशी राहिला.

"हूं."

पुढं छापलेलं मला पाठ होतं. जीभ रेटेना. आणि मी, काना-मात्रा न हलवणारा मी, जन्मात पहिल्यांदा पदरचं घातलं. तेही धड जमेना. "मग... मग खलाशांनी वल्ही थांबवली. ते म्हणाले, कप्तानाला टाकून आपण जायचं नाही. त्यांनी... त्यांनी होड्या माघारी फिरवल्या."

हुंकारा आला नाही.

"होड्या माघारी फिरवल्या!" मी ओरडलो.

"गुरुजी," खालनं आवाज आला, अगदी बारीक. "हे छापल्यालं न्हाय."

"तुम्हाला काय माहीत?"

"म्या वाचलंय."

मला काही कळेना.

"तुमी तुळजापूरला गेलता तवा. शेवटचं प्रकरण. एक एक अक्षर. सोळा दिस लागले. कप्तान बुडतो, गुरुजी. मला ठावं हाय."

त्याला जोडाक्षरं यायला लागली होती आणि मला पत्ता नव्हता. माझ्या हाताखाली वाचायला शिकलेला पहिला मोठा माणूस. त्यानं आयुष्यात स्वतःच्या डोळ्यांनी पहिली गोष्ट वाचली ती ही. ती वाचून तो त्या सकाळी विहिरीत उतरला होता, आणि पाटीत जागा असताना मागं राहिला होता. मी काठावर हमसून रडलो. शाळेची पोरं बघत होती, बघू देत.

"रडू नका वो," तो म्हणाला. "सांगा. तुमचं सांगा. म्हंजी खलाशी हुकूम मोडून माघारी येत्यात?"

"येतात!"

"मग कप्तान शिव्या देत न्हाय व्हय?"

"देतो की!"

"कुठल्या?"

मी पुजाऱ्याच्या घरातला. आयुष्यात तोंडातनं वाईट शब्द काढला नव्हता. त्या दिवशी बायकापोरांसमोर, माझ्या विद्यार्थ्यांसमोर, त्या विहिरीत तोंड घालून टोळीतली माणसं देतात तसली एक सणसणीत आईवरची शिवी हासडली. खालनं खुदखुदल्यासारखा आवाज आला. हसला तो. देवीशपथ, हसला.

"मग येऊ द्या," तो म्हणाला.

वाक्य पुरं व्हायच्या आत रामकिसन कडेवरनं खाली गेला होता. त्याच्या मागं बलभीम. दोन पहारी. पाणी बब्रुवानच्या गळ्याला लागलेलं. ते दोघं छातीभर पाण्यात उभे राहून धोंड्याखाली पहारी रेटत होते, कडेचा मुरूम त्यांच्या डोक्यावर गळत होता, आणि मी थांबलो नाही. खलाशी गलबतावर चढले. हूं. कप्तान त्यांना शिव्या देतोय, ते ऐकत नाहीत. हूं. त्यांनी दोर टाकला. हूं.

खालनं बलभीमचा आवाज आला, "हलला! हलला!" धोंडा बाजूला सरला. रामकिसननं त्याच्या काखांखालनं दोर ओवला आणि गाठ मारली. वर वीस माणसांनी रहाटाला हात घातला.

"खलाशांनी दोर कप्तानाच्या छातीला बांधला," मी म्हणालो.

"हूं."

"सगळ्यांनी मिळून दोराला हात घातला."

"हूं."

"दोर ताणला."

काही आलं नाही.

"दोर ताणला, मुकादम!"

रहाट करकरत होता. दोर हातभर हातभर वर येत होता. त्याचं डोकं एका बाजूला पडलेलं मला दिसत होतं आणि तरी मी म्हणत होतो, दोर ताणला, दोर ताणला, दोर ताणला. बावीस हात मी तेच म्हणत होतो. रामकिसन आणि बलभीम मागनं पाटीत बसून धडधाकट वर आले. बब्रुवानला काठावर निजवलं. कमलबाईनं पदरानं त्याच्या तोंडावरचा गाळ पुसला, कानाशी वाकली, आणि मग वर बघून म्हणाली, "बास करा आता, गुरुजी."

उमरग्याचे डॉक्टर नंतर म्हणाले, चार तास चेंगरलेला पाय एकदम मोकळा झाला की पुष्कळदा असंच होतं. माणसं आधी उतरली असती तर? मी विचारलं. त्यांनी पिशवी आवरायला घेतली. इंजन चार वाजता आलं.

विहिरीचं पाणी खरंच गोड निघालं. बाया आधी घागर भरायला धजेनात. कमलबाईनंच पहिली घागर भरली, तिसऱ्या दिवशी, आणि न बोलता घरी गेली. मग सगळ्या गेल्या.

मी बदलीचा अर्ज लिहून ठेवला. पारावर बसणं सोडलं. लोक मला काही म्हणत नव्हते, तेच सोसत नव्हतं. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. एका पुस्तकापायी माणूस घालवला मी, आणि हे मला 'गुरुजी, जेवलात का' म्हणून विचारतात!

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला बलभीम बोलवायला आला. पारावर सगळं गाव बसलेलं. हुंकाऱ्याची जागा रिकामी ठेवलेली. मी पायरीशीच थांबलो. तेवढ्यात कमलबाई आली. रिकामं कपाळ, हातात लाल फडक्यातलं पुस्तक. ती बायकांकडं गेली नाही. सरळ येऊन त्या रिकाम्या जागेवर बसली आणि पुस्तक माझ्यापुढं ठेवलं.

मी शेवटचं प्रकरण उघडलं. प्रत्येक अक्षराखाली पेन्सिलीचा एक ठिपका. जोडाक्षरांखाली दोन दोन, जोरानं दाबलेले. एके ठिकाणी कागद फाटला होता. समास बोटांच्या डागांनी काळे झालेले. शेवटच्या ओळीखालीही ठिपके होते, एकही अक्षर सोडलेलं नव्हतं. मला पुढचं दिसेना.

"वाचा," ती म्हणाली.

"कमलबाई, ह्यात कप्तान..."

"ठावं हाय मला. म्या बी ऐकलं तवा." तिनं हात लांब करून पुस्तक मिटलं. "ह्यातलं नगं. तुमी विहिरीत सांगत हुता ते. ते कुठवर आलतं?"

"दोर ताणला, इथवर."

"त्यांनी कुठवर ऐकलं?"

"सगळ्यांनी दोराला हात घातला. तिथवर हुंकारा दिला होता."

"मग तितनं फुडं सांगा."

पुढं काही नव्हतं. ना छापलेलं, ना माझ्या डोक्यात. सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. रामकिसन गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"दोर ताणला," मी म्हणालो.

"हूं," कमलबाई म्हणाली.

"कप्तानाचे पाय पाण्याबाहेर आले."

"हूं."

"त्याला होडीत घेतलं. अंगावर कांबळं टाकलं. गोडं पाणी पाजलं."

"हूं."

तिचा हुंकारा एकदाही चुकला नाही. मी वल्ही मारत राहिलो. किनारा दिसला. बंदर लागलं. कप्तान खलाशांच्या खांद्यावर हात टाकून, लंगडत लंगडत आपल्या घराच्या वाटेला लागला. तिथं ती थांबली.

"घरी कोण हुतं त्याच्या?"

पुस्तकात कप्तानाला कुणीच नाही. पहिल्या प्रकरणातच छापलंय तसं.

"बायको होती," मी म्हणालो. "दारात उभी होती."

"हूं," कमलबाई म्हणाली.